बोलण्यात न सापडणारे दुखणे : प्रस्तावना

यकृताचे दुखणे विकोपास गेले म्हणजे रुग्णाची बुद्धी भ्रमिष्ट होते आणि अखेरीस त्याला गाढ गुंगी येते, ही गोष्ट वैद्यकास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. ग्रीक वैद्यकाच्या आद्य ग्रंथांतही पित्ताच्या प्रकोपाने आरडाओरडा करू लागणाऱ्या रुग्णांचा उल्लेख सापडतो. परंतु ही गुंगी येण्यापूर्वी, कित्येकदा महिनेच्या महिने आणि काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे, त्याच रुग्णाचे अवधान, त्याच्या हातांची चपळाई, नजरेने अंतर व जागा जोखण्याची त्याची शक्ती आणि ऐनवेळी स्वतःला आवरण्याचे त्याचे सामर्थ्य यांना जी हळूहळू ओहोटी लागलेली असते, तिची पद्धतशीर दखल घेण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. प्रस्तुत ग्रंथ या पूर्वकाळाविषयी आहे. सिरोसिस झालेला, परंतु शुद्धीवर असलेला, हिंडताफिरता, आपल्या पायांनी दवाखान्यात येणारा आणि ‘बरा आहे’ असे स्वतःच सांगणारा मनुष्य हा त्याचा नायक आहे.

या विकाराचे सारे अवघडपण एका गोष्टीत साठले आहे, ती ही की, त्यात भाषा शाबूत राहते. शब्दसंपत्ती, उच्चार, व्याकरण, जुन्या आठवणी, बोलण्यातील अगत्य यांना सहसा धक्का लागत नाही. आणि वैद्य व रुग्ण यांची भेट तर प्रायः भाषेतच पार पडते. नाव विचारले, नाव सांगितले. वार विचारला, वार सांगितला. भूक, झोप, शौच यांची चौकशी झाली, औषधांची चिठ्ठी लिहिली गेली, आणि ज्या इंद्रियाचे काहीच बिघडलेले नाही त्याच इंद्रियाची साक्ष ग्राह्य धरून मामला निकालात निघाला. तोच रुग्ण घरी गेल्यावर किराणा दुकानाच्या वहीत चार वेळा बेरीज करतो व चारही वेळा निराळी येते, रस्ता ओलांडताना येणाऱ्या मोटारीच्या वेगाचा अदमास त्याला येत नाही, गॅसवर ठेवलेले दूध मध्येच फोन वाजल्याने तो साफ विसरतो, रात्री टक्क जागा असतो आणि दुपारी वर्तमानपत्र हातात धरूनच पेंगतो. ‘हल्ली यांचे लक्षच नसते’ असे पत्नी म्हणते, ‘बाबा फार चिडचिडे झाले’ असे मुले म्हणतात, आणि घरातील सर्वांचा असा समज होतो की दुखण्याने स्वभाव बदलला. स्वभावावर ठेवला जाणारा हा ठपका वस्तुतः रक्तातील रसायनांचा आहे, आणि त्यावर उपाय आहे, हे कळले तर कित्येक घरांतील कलह मिटेल.

ज्यांनी हा विषय पूर्वी कधी वाचलेला नाही अशांसाठी शरीरातील व्यवस्था थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दीर्घकाळच्या दाहाने यकृताच्या पेशी मरत जातात, त्यांच्या जागी तंतुमय व्रण साचतात, आणि मऊ, एकजीव असणारे ते इंद्रिय गाठाळ व निबर बनते; या स्थितीला १८१९ साली फ्रेंच वैद्य लेनेक याने सिरोसिस हे नाव दिले. दारू, हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू, आणि अलीकडे मधुमेह व स्थूलता यांच्या जोडीने यकृतात साचणारी चरबी, ही तिची प्रमुख कारणे होत. आतड्यांतून येणारे रक्त शरीरभर फिरण्यापूर्वी यकृतातून जावे अशी निसर्गाची तजवीज आहे. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातीचा नाका असे व प्रत्येक गाडीची झडती होऊनच ती आत सोडली जाई, तसेच हे. आतड्यांतील जंतू अन्नातील नत्रयुक्त पदार्थांपासून अमोनिया तयार करतात, आतड्याच्या अस्तराच्या पेशीही त्यात भर घालतात, आणि निरोगी यकृत या अमोनियाचे युरियात रूपांतर करून तो निरुपद्रवी करते. सिरोसिसमध्ये नाक्यावरचे कारकून तर कमी होतातच, पण यकृतातून रक्त पुढे सरकेना म्हणजे ते आडवाटेच्या शिरा रुंदावून यकृताला वळसा घालू लागते, आणि झडतीवाचूनच माल मेंदूपर्यंत पोहोचतो. मेंदूतील तारकापेशी हा अमोनिया ग्लुटामीनच्या रूपाने साठवतात. ग्लुटामीन पाणी ओढते. पेशी किंचित फुगतात, आणि शेजारच्या मज्जापेशींचा व्यवहार मंदावतो. यातच एखादा जंतुसंसर्ग झाला, शौचास साफ झाली नाही, लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील क्षार घटले, की सूक्ष्म विकाराचे उघड भ्रमात पर्यवसान होण्यास वेळ लागत नाही. अमोनिया हा एकटाच गुन्हेगार नव्हे, शरीरातील दाहही त्याच्या बरोबरीने दोषी आहे, असे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधन सांगते. तथापि उपचारांची मदार अद्यापि मुख्यतः अमोनियाच्या बंदोबस्तावरच आहे.

या ज्ञानाची पहिली पायरी प्रयोगशाळेतील कुत्र्यांनी बांधली. १८७७ साली ‘एक’ या नावाच्या रशियन शल्यवैद्याने आतड्यांकडून येणारी शीर यकृताला टाळून थेट मोठ्या शिरेस जोडण्याची शस्त्रक्रिया केली, आणि १८९३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे पावलोव्ह व त्याचे सहकारी यांनी अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातल्यावर ते हिंस्र होतात, लडखडतात, त्यांना झटके येतात व ते बेशुद्ध पडतात, असे दाखवून दिले. पावलोव्हचे नाव आपल्याकडे घंटा व लाळ यांच्या प्रयोगाने सुशिक्षितांच्या तोंडी आहे. यकृत आणि मेंदू यांच्यातील दुवा जोडणाऱ्यांतही तो होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. त्यानंतर अर्धशतक गेले. १९४९ साली बोस्टन येथील ॲडम्स व फोली यांनी हात पुढे करून पंजे ताठ धरावयास सांगितले असता ते पाखराने पंख फडफडवावे तसे फडफडतात, हे लक्षण नोंदविले. १९५४ साली लंडनमध्ये शीला शेरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्यांतील नत्रयुक्त विष, यकृताला वळसा घालणाऱ्या शिरा आणि मेंदूचा विकार यांची सांगड घालणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि या सगळ्याला एक सुसंगत रूप आले. १९६६ साली बिर्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक्टुलोज हे गोड पातळ औषध वापरात आणले, तेव्हा हातात एक निर्धोक उपायही पडला.

पण येथवरचे सारे लक्ष बेशुद्धीकडे, अर्थात विकाराच्या शेवटाकडे होते. ज्याला मी या क्षेत्राचे खरे वळण समजतो ते १९७० साली आले, आणि ते एका कागदाच्या तुकड्यावर आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात बुद्धिमापनासाठी वापरली गेलेली, विखुरलेले अंक क्रमाने रेघेने जोडण्याची कसोटी, ब्रिटनमधील झीगन व सहकारी यांनी यकृताच्या रुग्णांना दिली. आणि वैद्यकीय तपासणीत ज्यांच्यात काहीच वावगे आढळले नव्हते अशांपैकीही काही जण तिच्यात मागे पडले. पुढे अमेरिकेत कॉन यांनी १ ते २५ अंकांची सुटसुटीत आवृत्ती रूढ केली. १९७८ साली रिकर्स व सहकाऱ्यांनी या अदृश्य विकाराचे प्रमाण मोजण्याचा प्रयत्न केला, आणि १९८१ साली जर्मनीतील शोमेरुस यांनी अशा वरकरणी धडधाकट रुग्णांची वाहन चालविण्याची पात्रता तपासून त्यांतील निम्म्याहून अधिक त्या कामास अपात्र असल्याचा निष्कर्ष काढला. आजवर जो प्रश्न वैद्यकशास्त्राच्या तळटीपेत होता तो एकाएकी हमरस्त्यावर आला. हा विकार रुग्णाच्या खाजगी आयुष्याबाहेर पडून इतरांच्या सुरक्षिततेला भिडतो, हे मान्य करणे भाग पडले.

त्यानंतर नामकरणाचा व मापनपद्धतींचा गोंधळ बराच काळ चालला. कोणी या अवस्थेस सुप्त म्हणत, कोणी अव्यक्त. १९९८ साली व्हिएन्ना येथील जागतिक परिषदेच्या निमित्ताने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने सूक्ष्म हे विशेषण मुक्रर केले, व त्या मंडळाचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. मापनाच्या बाबतीत तीन प्रमुख संप्रदाय दिसतात. पहिला कागद-पेन्सिलीचा : त्याचे माहेर जर्मनीतील हॅनोव्हर, त्याच्या प्रवर्तक कारीन वाइसेनबोर्न, आणि त्याचे साधन पाच छोट्या चाचण्यांचा संच, ज्यात अंक जोडणे, अंकांना खुणा देणे, वर्तुळांत ठिपके ठेवणे व दोन वळणदार रेघांमधून तिसरी रेघ न भिडवता ओढणे, असली कामे असतात. दुसरा संप्रदाय रुग्णाच्या शिक्षणावर व हस्तकौशल्यावर विसंबून न राहता थेट मज्जासंस्थेलाच प्रश्न विचारतो. मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख हे त्याचे जुने साधन, आणि ड्युसेलडॉर्फ येथे रूढ झालेली लुकलुकत्या प्रकाशाची चाचणी हे नवे. स्थिर भासणारा प्रकाश नेमका कोणत्या वेगाला लुकलुकू लागला हे रुग्णाने सांगावयाचे, आणि तो वेग सेकंदाला ३९ वेळांहून खाली आला तर विकाराचा संशय घ्यावयाचा. तिसरा संप्रदाय संगणकाचा, आणि २०१३ पासून तर खिशातील मोबाइलचाही. रंगाचे नाव एका रंगात छापलेले व अर्थ दुसऱ्या रंगाचा, अशा पेचातून रुग्ण किती वेगाने सुटतो हे पाहणारी चाचणी जस्मोहन बजाज व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रचारात आणली.

हे तीनही मार्ग एकाच रुग्णाविषयी एकच निकाल देतील अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरते. म्हणूनच सिरोसिसच्या रुग्णांत या विकाराचे प्रमाण कोणी शेकडा २० सांगतो तर कोणी ८०. या तफावतीमुळे काही वैद्य हा विषयच संशयास्पद मानतात. मला तसे वाटत नाही. अवधान, वेग, दृष्टी आणि संयम ही मनाची निरनिराळी खाती आहेत, आणि दुखणे प्रत्येकात सारख्याच क्रमाने ती बंद पाडते असे नाही. एका खात्याची तपासणी करून साऱ्या दफ्तराचा निकाल देण्याचा मोह टाळावा, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

भारतीय वैद्यांनी या क्षेत्रात घातलेली भर येथे जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या परिस्थितीच्या अडचणीतून जन्मली. अंक जोडण्याची कसोटी अंक ओळखणाऱ्यालाच देता येते. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशा शेतमजुराने ती चुकवली, तर दोष यकृताचा की दारिद्र्याचा, हे कसे ठरवावे? राधाकृष्ण धिमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अंकांच्या जागी चित्रे जोडण्याची कसोटी प्रसिद्ध केली, आणि निरक्षर मनुष्यासही या तपासणीच्या कक्षेत आणले. ही सुधारणा दिसावयास लहान आहे. परंतु ज्या शास्त्राची साधने केवळ शिकलेल्या माणसासाठी घडवलेली असतात ते शास्त्र नकळत शिकलेल्यांचेच दुखणे खरे मानू लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचे मोल कळते. पुढे धिमन यांच्याच सहभागाने चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतून २००७ साली आलेल्या अभ्यासात तीन महिने लॅक्टुलोज घेतलेल्या रुग्णांची केवळ चाचण्यांतील कामगिरीच सुधारली असे नव्हे, तर त्यांचे रोजचे जगणेही सुधारले, आणि या दोन सुधारणा परस्परांशी निगडित होत्या, असे दिसून आले. २०११ साली लुधियाना येथील वैद्यांनी रिफॅक्सिमिन या आतड्यातच राहून काम करणाऱ्या प्रतिजैविकाविषयी तसाच निष्कर्ष मांडला.

जगण्याची प्रत हा विषय आता आलाच आहे, तर त्याविषयी बोलले पाहिजे, कारण या ग्रंथाचा गाभा तोच आहे. आयुष्य किती वाढले हे मोजणे सोपे; वाढलेले आयुष्य कसे गेले हे मोजण्यास वैद्यक फार उशिरा शिकले. १९९८ साली नेदरलँडमधील ग्रुनेवेग व सहकाऱ्यांनी १३६ विधानांची एक प्रश्नावली सिरोसिसच्या रुग्णांपुढे ठेवली. सूक्ष्म विकार असलेल्यांचे उत्तर इतरांहून स्पष्टपणे निराळे आले. लोकांत मिसळणे, जागरूकता, झोप व विश्रांती, घरकाम, करमणूक, नोकरी अशा अनेक अंगांनी त्यांचे जगणे आक्रसलेले होते. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. सिरोसिसच्या रुग्णाच्या पोटात पाणी झालेले असते, स्नायू झडलेले असतात, रक्तातील सोडियम उतरलेले असते, अंगाला खाज असते, पुढे काय होणार ही धास्ती असते आणि उपचारांच्या खर्चाने घर खचलेले असते. मग जगण्याची प्रत घसरली याचे खापर मेंदूच्या एका सूक्ष्म विकारावरच का फोडावे? हा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे, आणि ग्रंथकारांनीही ते झाकून ठेवलेले नाही. मात्र वर सांगितलेल्या उपचारांच्या अभ्यासांनी एवढे निश्चित केले की, या सर्व ओझ्यांपैकी एक ओझे औषधाने उतरते, आणि ते उतरले की मनुष्याला फरक जाणवतो. पोटातील पाणी व खर्चाची चिंता तशीच असताना ज्याला पुन्हा रात्री झोप लागू लागली आणि दुकानाचा हिशेब जमू लागला, त्याच्या दृष्टीने हा लाभ सूक्ष्म नव्हे.

काम कोणते यावरही बरेच अवलंबून असते. ज्याचे पोट हातांवर आहे, जो यंत्रावर, गवंड्याच्या पहाडावर, ट्रकच्या चाकामागे बसून कमावतो, त्याला या विकाराचा फटका लेखणीवर जगणाऱ्याहून अधिक बसतो. शब्द टिकतात आणि हात मंदावतात, हे या दुखण्याचे वैशिष्ट्य त्याच्या मुळावरच येते. आणि आपला वेग घटला आहे याची जाणीवही या रुग्णांना बहुधा पुरती होत नाही, म्हणून ‘गाडी नीट चालवता ना?’ या प्रश्नास त्यांनी दिलेले होकारार्थी उत्तर प्रामाणिक असूनही विश्वासार्ह नसते. यास्तव घरच्या माणसांची साक्ष अत्यावश्यक ठरते. ती रुग्णाच्या संमतीने व त्याच्या देखत घ्यावी, असा या ग्रंथाचा आग्रह आहे व तो मला मनापासून पटतो.

आहाराच्या बाबतीत आपल्या समाजात जी दोन संकटे एकत्र येतात त्यांवर मला थोडे थांबावेसे वाटते. अमोनिया प्रथिनांतून होतो, सबब प्रथिने बंद, असा साधा हिशेब वैद्यकाने दशकानुदशके केला. वरणाचे पाणी, भाताची पेज व ग्लुकोज यांवर रुग्णांना ठेवले गेले, आणि आजही कित्येक घरांत डाळ, दूध, अंडे ही रुग्णासाठी निषिद्ध समजली जातात. या फर्मानाने रुग्णाचे स्नायू झडतात. आणि यकृत हतबल झाल्यावर अमोनिया टिपून घेण्याचे काम बव्हंशी स्नायूच करीत असल्यामुळे जे टाळावयाचे तेच ओढवते. २००४ साली बार्सेलोना येथील कॉर्डोबा व सहकाऱ्यांनी भ्रमाच्या उघड झटक्यातही प्रथिने तोडण्याने काही लाभ होत नाही असे दाखविले, आणि आता शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे मत आहे. डाळी, उसळी, दही, ताक, पनीर यांतील प्रथिने या रुग्णांना अधिक मानवतात, ही मराठी स्वयंपाकघराच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट होय. दुसरे संकट उपवासाचे. निरोगी यकृत रात्रीसाठी साखरेचा साठा राखून ठेवते. सिरोसिसच्या यकृतात तो साठा फार थोडा असतो, म्हणून केवळ एका रात्रीच्या लंघनाने अशा रुग्णाच्या शरीराची स्थिती निरोगी मनुष्याच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखी होते व शरीर आपलेच स्नायू जाळू लागते. आषाढी-कार्तिकी, श्रावणी सोमवार, संकष्टी किंवा रमजानचे रोजे ज्यांच्या श्रद्धेचा भाग आहेत, त्यांना उपहासाने उपवास सोडावयास लावणे हे मला सर्वस्वी गैर वाटते. त्यांच्याशी आदराने बोलावे, आजाऱ्याला सर्वच धर्मांनी दिलेल्या सवलतीची आठवण द्यावी, आणि निदान निजण्यापूर्वी काही पौष्टिक खाण्याचा नेम त्यांना लावून द्यावा. या ग्रंथातील आहारविषयक भाग ज्या सौम्यतेने लिहिला आहे ती सौम्यता वैद्यकीय लेखनात दुर्मिळ आहे.

हा विषय आज मराठीत आणण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. एके काळी सिरोसिसचे निदान झाले म्हणजे पुढे रक्ताची उलटी वा जलोदर यांत आयुष्य लवकर संपे. आता अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून बांधता येतात, विषाणूंवर प्रभावी औषधे आहेत, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत यकृतप्रत्यारोपणही होते. रुग्ण अधिक वर्षे जगतात, आणि ती वर्षे त्यांना दुचाकीच्या गर्दीत, मोबाइलवरील पैशांच्या देवघेवीत, बँकेच्या व नोकरीच्या धबडग्यात काढावी लागतात. पूर्वीच्या संथ जीवनात जी मंदता खपून गेली असती ती आता खपत नाही. शिवाय मधुमेह व स्थूलता यांच्या प्रसाराबरोबर, ज्यांनी दारूचा थेंबही घेतला नाही अशांतही सिरोसिस वाढत आहे. या मंडळींना दुखण्याच्या जोडीला लोकांच्या संशयाचाही जाच सोसावा लागतो.

तथापि हे ज्ञान घरोघर पोहोचविण्यात एक धोका आहे, आणि त्याचा इशारा येथे देणे मी माझे कर्तव्य समजतो. सूक्ष्म विकाराचे निदान म्हणजे वेडाचा दाखला नव्हे. हा विकार सहसा कायमचा नसतो, उपचारांनी तो बव्हंशी मागे हटतो, आणि रुग्णाची विवेकबुद्धी, त्याची आवडनिवड, आपल्या मालमत्तेविषयी निर्णय घेण्याचा त्याचा अधिकार यांना केवळ एका चाचणीच्या आकड्याने बाध येत नाही. तरीही जमिनीचा सातबारा, दुकानाचा परवाना, बँकेतील सही यांवर डोळा असणारा एखादा नातलग अशा कागदाचा काय उपयोग करील, हे आपल्या समाजाचा अनुभव असणाऱ्यास सांगावयास नको. वैद्याने हा निष्कर्ष प्रथम रुग्णास सांगावा, त्याच्या परवानगीने कुटुंबास सांगावा, आणि वाहन, यंत्र, उंची अशा जिवाच्या धोक्याच्या कामांपुरता निर्बंध स्पष्ट शब्दांत, मुदत घालून द्यावा व उपचारांनंतर पुन्हा तपासणी करून तो उठवावा. ट्रकचालकाला ‘गाडी चालवू नका’ एवढे सांगून निरोप देणे म्हणजे त्याच्या घरची चूल विझविणे होय. दरम्यान त्याने काय करावे, मालकाशी काय बोलावे, याचाही विचार उपचारात मोडतो.

ग्रंथकारांपैकी एक यकृतविकारांचे तज्ज्ञ आहेत व एक मानसशास्त्राच्या अभ्यासक आहेत, आणि ही जोडी या विषयास अतिशय अनुरूप आहे. त्यांनी रुग्णांसाठी वेगळे व वैद्यांसाठी वेगळे असे दोन ग्रंथ न लिहिता एकच लिहिला, याचे कारण या दुखण्यात दोघांनाही परस्परांची माहिती असावी लागते : दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतके लॅक्टुलोज घ्यावयाचे असते हे रुग्णाला कळले पाहिजे, आणि अशा औषधाने बसच्या लांब प्रवासात किंवा कचेरीत काय फजिती होते हे वैद्याला कळले पाहिजे, नाहीतर औषध बाटलीतच राहते. प्रत्यारोपणानंतरही काहींच्या बुद्धीची पूर्वीची धार पुरती का परतत नाही, पुढे स्मृतिभ्रंशाशी याचा कितपत संबंध आहे, दर रुग्णाची चाचणी करणे आपल्या सरकारी इस्पितळांच्या गर्दीत कितपत शक्य आहे, या प्रश्नांवर त्यांनी ठाम निवाडा दिलेला नाही. जेथे शास्त्रच अजून वाटेवर आहे तेथे तो तहकूब ठेवणेच उचित होते. चाचण्यांचे नमुने मात्र त्यांनी मुद्दाम छापलेले नाहीत, कारण वारंवार सराव केल्याने त्यांचे मोल जाते. त्याऐवजी घरच्या माणसांनी वहीत टिपून ठेवावयाच्या साध्या गोष्टींची नोंद त्यांनी दिली आहे : झोपेच्या वेळा, चिडचिडीचे प्रसंग, हिशेबातील चुका, पडणेझडणे, वाहनाला लागलेले लहानसहान धक्के. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्यावी आणि तपासणीचे कागद दाखविण्याआधी ती वैद्याच्या हाती द्यावी, अशी माझी वाचकांस विनंती आहे.